आजीचं माहेरचं नाव

आज कर्ज, व्याज, हप्ता यांतलं काही नाही. आज आपण आपल्याच घराचा इतिहास कसा शोधायचा यावर बोलू. इतिहास म्हटलं की गड, लढाया, राजे डोळ्यांपुढं येतात. पण तुमच्या-माझ्या घरालाही इतिहास असतो आणि तो शोधायला पदवी लागत नाही. एक दोनशे पानी वही, एक पेन आणि विचारायची तयारी असली की झालं.

आधी एक छोटी परीक्षा घेऊ. हातातलं काम चालू ठेवा आणि मनातल्या मनात उत्तर द्या. तुमच्या सासऱ्यांच्या वडिलांचं नाव काय? हे बहुतेकींना येईल. ते सातबारावर असतं, भावकीच्या बोलण्यात असतं. आता सासूबाईंच्या आईचं नाव सांगा. तुमच्या आजीचं, म्हणजे आईच्या आईचं, लग्नाआधीचं नाव काय होतं? इथं आपण अडखळतो. गटाच्या बैठकीत हा प्रश्न विचारला की आधी हशा होतो, मग सगळ्या गप्प होतात. मोजकेच हात वर येतात.

याचं कारण साधं आहे. आपल्याकडं वंशावळ काढतात ती बापाकडून मुलाकडं, मुलाकडून नातवाकडं. माहेरच्या वंशावळीत बाई नसते, कारण ती दिलेली. सासरच्या वंशावळीतही नसते, कारण ती आणलेली. त्यात लग्नात नाव बदलायची रीत. माहेरची चिंगी सासरी लक्ष्मी होते आणि चार पिढ्यांनी कुणाला चिंगीही आठवत नाही न् लक्ष्मीही. राहतं ते फक्त 'अमक्याची आई'. म्हणून माझं सांगणं असं, की घराचा इतिहास शोधायचा तर आपण बायकांनी तो बायकांच्या नावांपासून सुरू करावा. पुरुषांची नावं वाटेत मिळतातच.

आपल्याच तालुक्यातलं उदाहरण घ्या. यशवंतराव चव्हाण १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्र्याला जन्मले. देवराष्ट्रे हे त्यांचं आजोळ. चव्हाणांचं घराणं मूळचं विट्याचं, वडील कराडला कोर्टात बेलिफ. वडील प्लेगमध्ये गेले तेव्हा यशवंतराव अगदी लहान होते. पुढं आई विठाबाईंनी मुलांना वाढवलं. 'कृष्णाकाठ' या आत्मचरित्रात त्यांनी आपली गोष्ट सांगितली ती या आजोळापासून आणि आईपासून. वडिलांच्या गावी बसून हा माणूस शोधायला गेलो तर निम्मी गोष्ट हाती लागणार नाही. आपल्या घरांचंही तसंच आहे. निम्मी गोष्ट आजोळी पडलेली असते.

याचा उपयोग काय?

कुणी म्हणेल, मेलेल्यांची नावं शोधून काय पदरात पडणार? पडतं, आणि बरंच पडतं.

आपल्या राज्यात २०११ पासून ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा बायकांसाठी आहेत. त्यातल्या काही अनुसूचित जाती-जमाती आणि मागासवर्गातल्या बायकांसाठी. अशा जागेवर उभं राहायचं तर जातीचा दाखला लागतो, पुढं जात वैधता प्रमाणपत्र लागतं. ठरलेल्या मुदतीत ते दिलं नाही तर निवडून आलेलं पद जातं. आणि बाईची जात कागदावर ठरते ती तिच्या वडिलांच्या घरावरून. सासरचे कागद तिथं कामाचे नाहीत. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीचा पुरावा मागतात. म्हणजे वीस वर्षांपूर्वी माहेर सोडलेल्या बाईला आजोबा-पणजोबाचा कागद शोधायचा असतो, तोही अर्ज भरायच्या धावपळीत. चांगली, बोलकी, काम करणारी बाई केवळ माहेरचा कागद नाही म्हणून मागं सरते. ज्या बाईनं हे काम आधीच शांतपणे करून ठेवलंय, तिला कुणी अडवू शकत नाही.

दुसरी गोष्ट जमिनीची. ती पुढं येईलच.

तिसरी गोष्ट मोजता येत नाही. घरातलं सर्वांत म्हातारं माणूस गेलं की त्याच्याबरोबर एक अख्खं कपाट बंद होतं. त्याची किल्ली पुन्हा कुणाला मिळत नाही.

पहिली पायरी : स्वतःपासून

वहीच्या पहिल्या पानावर स्वतःचं नाव लिहा. जन्माचं नाव, लग्नानंतरचं नाव, गाव, जन्मतारीख. खाली आई, आईची आई, तिची आई. दुसऱ्या पानावर सासू, सासूची सासू, सासूची आई. प्रत्येकीपुढं चार रकाने ठेवा : माहेरचं नाव, सासरचं नाव, माहेरचं गाव, कुणाकडून कळलं. हा चौथा रकाना विसरू नका. उद्या दोघींनी दोन वेगळी नावं सांगितली तर कुणाचं धरायचं ते त्यावरून ठरवता येतं. जिथं माहीत नाही तिथं रिकामी जागा सोडा. अंदाजानं भरू नका. रिकामी जागा दिसली की कुणाला काय विचारायचं ते आपोआप कळतं.

दुसरी पायरी : म्हाताऱ्या माणसांना विचारणं

सर्वांत आधी सर्वांत वयस्क बाईकडं जा. कागद कचेरीत थांबतील, ती थांबणार नाही. एकदम वही उघडून 'तुमचा जन्म कधीचा?' असं विचारू नका. ती म्हणेल, 'मला काय ठावं बाई.' तारीख तिला येत नसते, पण प्रसंग येतात. म्हणून आपण प्रसंग विचारायचे आणि साल आपण काढायचं.

आपल्या भागातली काही पक्की सालं लिहून ठेवा. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७, पहाटेचा. 'भूकंप झाला तेव्हा आत्याबाई, तुमच्या मांडीवर कोण होतं?' असं विचारलं की थोरल्या मुलाचं वय निघतं. मोठा दुष्काळ १९७२ चा. 'खडी फोडायला कोणकोण जायचं?' पत्री सरकारचा काळ १९४२-४३ पासून १९४६ पर्यंतचा. गांधीजींच्या खुनानंतरची जाळपोळ १९४८ ची. गिरणी संप जानेवारी १९८२ ला सुरू झाला. त्याआधीच्या पिढीसाठी १९१८ ची मानमोडीची साथ आणि त्याच्याही आधीचा प्लेग. पणजी मानमोडीत गेली असं कुणी सांगितलं, तर वहीत १९१८ च्या आसपास असं लिहायला हरकत नाही. कडेगावच्या माणसांना तर मोहरम आहेच. ताबूतभेटी बघायला कोण कुठून यायचं, कुणाच्या घरी कशाचा मान होता, हे विचारलं की हिंदू घरातली असो की मुसलमान घरातली, म्हातारी माणसं आपणहून बोलायला लागतात.

ओव्याही विचारा. जात्यावर बसलेली बाई ओवीत माहेर गाते, भावाचं नाव घेते, गावाची वाट सांगते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आज त्या 'पारी' या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. तुमच्या सासूबाईंची ओवी तुम्हीच मोबाईलवर घेऊन ठेवा. पण आधी विचारा, 'रेकॉर्ड करू का?' चालेल म्हणाल्या तरच बटण दाबा.

विचारल्यानं काय होतं ते विट्याच्या हौसाताई पाटील यांच्यावरून कळतं. त्या क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या. पत्री सरकारच्या काळात पोलिसांचं लक्ष दुसरीकडं वळवायला त्यांनी चौकीसमोर नवरा-बायकोच्या भांडणाचं सोंग केलं. पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले आणि तेवढ्यात साथीदारांनी आतली हत्यारं नेली. ही हकीकत त्यांनी नव्वदी ओलांडल्यावर सांगितली, पत्रकार पी. साईनाथ यांनी ती लिहून घेतली आणि पुढं पुस्तकात आणली. २०२१ मध्ये हौसाताई गेल्या. विचारणारं कुणी आलं म्हणून गोष्ट राहिली. आपल्या घरोघरच्या आज्यांनी रात्री-अपरात्री भूमिगतांना भाकरी बांधून दिल्या असतील, निरोप पोचवले असतील. त्यांना कुणी विचारलंय?

तिसरी पायरी : घरातली ट्रंक आणि फळी

कचेरीत जाण्याआधी घर धुंडाळा. फळीवरची पितळी भांडी खाली काढा. तांब्या, घागर, परात यांच्यावर नाव कोरलेलं असतं. आहेराचं भांडं असेल तर देणाऱ्याचं नाव, गाव, कधी तारीखही असते. ज्या मामानं भांडं दिलं तो कुणाचा मामा, एवढ्यावरून आजीचं माहेर सापडू शकतं. जुन्या लग्नपत्रिका, आहेराच्या वह्या, फोटोच्या मागं लिहिलेली अक्षरं, पोथीच्या पहिल्या पानावरचं नाव, हे सगळे पुरावेच. घरातलं कुणी मुंबईला गिरणीत असेल तर हजेरीचं कार्ड, फंडाचे कागद, विम्याचं कार्ड बघा. त्यात वारस म्हणून बायकोचं नाव लिहिलेलं असतं. आपल्या खानापूर-आटपाडी-कडेगाव भागातली गलाईची माणसं सोन्या-चांदीच्या कामासाठी देशभर पांगली. त्यांच्याकडची जुनी पत्रं मागवा. बायकोच्या नावानं आलेली मनीऑर्डरची पावतीसुद्धा नावाचा पुरावा आहे.

कागद सापडला की त्याला टेप लावू नका, प्लास्टिकमध्ये डकवून घेऊ नका. मोबाईलवर फोटो काढा आणि मूळ कागद कोरड्या जागी ठेवा.

चौथी पायरी : गावातले कागद

शाळेपासून सुरू करा. जुन्या प्राथमिक शाळेत जनरल रजिस्टर असतं. त्यात मुलाचं नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मतारीख, कधी जन्मगावही मिळतं. आजी शाळेत गेली नसली तरी तिचा भाऊ गेला असेल. भावाची नोंद सापडली की तिचं घर सापडलं.

मग जन्म-मृत्यूच्या नोंदी. १९६९ चा कायदा आपल्याकडं लागू झाल्यापासूनच्या नोंदी ग्रामपंचायतीत मिळतात. त्याआधीच्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्यात असतात. तिथं अनेकदा मुलीचं नावच नसतं. बापाचं नाव आणि पुढं 'मुलगी' एवढंच. ते वाचून वाईट वाटतं, पण तारीख खरी असते आणि ती लागते.

आता जमिनीचे कागद. सातबारा सगळ्यांना माहीत आहे, पण सातबारा आज काय आहे ते सांगतो. तो तसा का झाला हे फेरफार सांगतो. हक्कनोंदीची पद्धत आपल्याकडं १९०३ च्या कायद्यानं आली. कुणी मेलं, वारस लागले, वाटणी झाली, जमीन विकली, गहाण टाकली, की फेरफारात नोंद होते. सातबारावर वर्तुळात जे आकडे दिसतात ते फेरफाराचे नंबर. एकेक नंबर धरून मागं मागं जात राहायचं.

हे कागद वाचायला थोडी अक्षरओळख लागते. समजा, एका जुन्या फेरफारात असा मजकूर आहे : 'रामा बिन तुका मयत. वारस बायको सखू कोम रामा, मुलगा ज्ञानू अ.पा.क. आई सखू.' हा मी नमुना म्हणून सांगतेय. 'बिन' किंवा 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. काही ठिकाणी 'भ्रतार' लिहितात. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मुलगा लहान होता आणि त्याच्या वतीनं आई बघत होती. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. सगळ्या भावांची जमीन एकाच्या नावावर का दिसते ते त्यावरून कळतं. आता या एका ओळीतून किती निघालं बघा. सखू नावाची बाई होती, ती लहान वयात विधवा झाली असावी, मूल पदरात होतं आणि घर तिनं चालवलं. भावकीच्या वंशावळीत तिचं नाव नसतं. फेरफारात आहे.

बायका कागदावर येतात त्या अशाच वेळी, नवरा मेल्यावर किंवा वडील गेल्यावर. आणि पुष्कळदा पुढच्याच नोंदीत त्या परत जातात. वडील वारले, वारस म्हणून भावांबरोबर तीन बहिणींची नावं लागली. थोड्या दिवसांनी हक्कसोडपत्र झालं आणि तिन्ही नावं कमी झाली. आपल्या घरच्या फेरफारात ही दोन पानं एकामागोमाग वाचली की कळतं, मला दोन आत्या ठाऊक होत्या, तिसरी कोण? तिचं काय झालं? कुठं दिली होती तिला?

त्या दोन पानांच्या मधे कायदाही बदलत गेलाय. १९५६ च्या आधी हिंदू विधवेला मिळालंच तर ते हयातीपुरतं, नाहीतर चोळीबांगडीवर भागवायचं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं बाईला तिच्या मिळकतीची पूर्ण मालक केलं. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा जन्मतः हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५ मध्ये केंद्राच्या दुरुस्तीनं लग्न झालेल्या-न झालेल्या सगळ्या मुलींना तो मिळाला आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की २००५ साली वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही. मुसलमान घरांना वारसाहक्काचे नियम वेगळे आहेत, पण फेरफार वाचायची रीत तीच. मी हे भांडण लावायला सांगत नाही. बहिणीनं मनापासून हक्क सोडला असेल तर तो तिचा निर्णय. पण अंगठा कशावर लावला ते तिला समजलं होतं का, हा प्रश्न घराच्या इतिहासातलाच आहे. शंका आली तर तालुका विधी सेवा समितीकडं जा. बाईचं उत्पन्न किती का असेना, तिला तिथं वकिलाची मदत मोफत मिळते.

आमच्याकडं जमीनच नव्हती, असं म्हणणाऱ्या मैत्रिणी आहेत. त्यांनी शाळेचं रजिस्टर, कोतवाल बुक, ग्रामपंचायतीचा घराचा उतारा, जुनं रेशनकार्ड आणि मतदार यादी धरावी. ज्यांच्या घरी महारकी, रामोशीपण अशी वतनं होती त्यांनी वतनाचे कागद मागावेत. गावकामगारांची ही वतनं १९५८ च्या कायद्यानं रद्द झाली, तेव्हा कोणत्या घराकडं काय होतं हे लिहिलं गेलं.

मतदार यादीची एक गोष्ट सांगते. १९५१-५२ ला देशात पहिली निवडणूक झाली. तेव्हा सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून वगळावी लागली. कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच सांगितलं. त्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या. पण ती सवय आपल्याला अगदीच परकी आहे, असं म्हणता येईल का?

पाचवी पायरी : मोठ्या कचेऱ्या

इथं आपल्या भागाची रचना ध्यानात घ्या, नाहीतर हेलपाटे पडतात. कडेगाव पूर्वी खानापूर तालुक्यात होतं आणि त्या तालुक्याची कचेरी विट्याला. जिल्हा होता सातारा. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली नाव मिळालं. म्हणून जुन्या कागदाच्या माथ्यावर 'जिल्हा सातारा' दिसलं तर तो कागद दुसऱ्या गावचा आहे असं समजू नका. माहेर आटपाडीचं किंवा कुंडलचं असेल तर १९४८ पर्यंत ते औंध संस्थानात होतं. जतचं असेल तर जत संस्थानात. तिथले कागद त्या त्या संस्थानाच्या नावानं शोधावे लागतात.

तहसील कचेरीत अभिलेख कक्ष असतो. गावाचं नाव, गट नंबर किंवा जुना सर्व्हे नंबर, फेरफार नंबर लिहून नकलेचा अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. उत्तर मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेही लागत नाही. महसूल खात्यानं 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर पुष्कळ जुने कागद स्कॅन करून ठेवलेत, तिथंही नजर टाका. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा ठिकठिकाणी जुनी दप्तरं उघडली गेली. त्यामुळं जुन्या नोंदी मागणं आता कचेऱ्यांना नवीन राहिलेलं नाही.

खूप जुना कागद मोडीत निघेल. घाबरू नका. त्याचा स्वच्छ फोटो काढून मोडी वाचणाऱ्या जाणकाराला दाखवा. शासनाचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्गही घेतो. गटातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीनं मोडी शिकून घेतली तर ती गावाच्या उपयोगाला येईल, चार पैसेही मिळवील.

हेळवी आणि क्षेत्रोपाध्ये

कागदाच्या आधी आणि कागदाबरोबर आपल्याकडं माणसांनी वंशावळी जपल्या. सांगली, कोल्हापूर आणि पलीकडं बेळगाव या पट्ट्यात हेळवी येतात. सुगी झाली की काही वर्षांनी एकदा दारात बैल घेऊन उभे राहतात, वही काढतात आणि घराण्याचं मूळ गाव, कुळ, देवक, पिढ्या घडाघडा सांगतात. धान्य, कापड, पैसे घेऊन नव्या पिढीची नावं लिहून घेतात. पुढच्या वेळी हेळवी आले की दारातून सुपभर धान्य घालून पाठवू नका. बसवा, चहा द्या, मोबाईल सुरू करा. आणि वहीत नवी नावं घालताना म्हणा, 'मुलीचंही लिहा. सुनेचं माहेरच्या नावासकट लिहा.' त्यांनी लिहिलं तर पुढच्या शंभर वर्षांची सोय होते.

तसंच नाशिक, त्र्यंबकेश्वर या ठिकाणी तीर्थोपाध्यायांकडं यजमानांच्या नावांच्या वह्या असतात. घरातलं कुणी तिकडं क्रियाकर्माला गेलं असेल तर उपाध्यायाचं नाव विचारून ठेवा. कुलदैवतावरूनही दिशा मिळते. सध्याच्या गावापासून लांब असलेल्या देवाला दरवर्षी का जातो, हा प्रश्न थोरल्यांना विचारा. पुष्कळदा जुनं गाव त्याच वाटेवर असतं.

सापडलं ते सांभाळायचं कसं?

शोधायला लागलं की सगळंच गोड निघत नाही. पहिली बायको विहिरीत गेलेली निघते. टाकून दिलेली आत्या निघते. देवाला सोडलेली मुलगी निघते. दुसऱ्या जातीत केलेलं लग्न निघतं. अशा वेळी दोन नियम पाळा. एक, खोटं लिहायचं नाही आणि फाडून टाकायचं नाही. दोन, जिवंत माणसाला लागेल असं त्याच्या परवानगीशिवाय बाहेर बोलायचं नाही. वहीत लिहा, ते पान दुमडून ठेवा. भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची घाई करू नका. आणि एखादी म्हातारी बोलता बोलता थांबली, डोळ्याला पदर लावला, तर वही मिटा. त्या दिवशी तिच्याजवळ बसणं हेच काम.

आता काळही थोडा आपल्या बाजूनं वळलाय. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावात महाराष्ट्रात आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव, अशी नोंद शासनानं ठरवली आहे. म्हणजे पुढच्या पिढीला आपल्याएवढी शोधाशोध करावी लागणार नाही. मागच्या पिढ्यांचं मात्र आपल्यालाच करावं लागेल.

आणि एक लक्षात घ्या. आपण स्वतःही कागद तयार करतोय. आपल्या गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत दर महिन्याला प्रत्येकीचं नाव येतं, पुढं सही येते. जी आधी अंगठा लावायची ती नंतर सही करायला लागली, हेही त्या वहीत दिसतं. गाय घेतली, मुलीची फी भरली, शिलाई मशीन आणलं, सगळं तारखेसकट. पन्नास वर्षांनी तुमची पणती तुम्हाला शोधायला निघाली तर ही वही तिला सातबारापेक्षा जास्त सांगेल. म्हणून वही भरली की रद्दीत घालू नका. त्यात नाव लिहिताना पूर्ण लिहा, माहेरच्या नावासकट लिहा.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं तीन नावं आणायची : आईच्या आईचं माहेरचं नाव, सासूच्या आईचं नाव आणि आपल्या घरातल्या एका अशा बाईचं नाव, जिच्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. ज्यांना ही नावं ठाऊक आहेत ती माणसं अजून आहेत तोवर जाऊन विचारा. आजच संध्याकाळी, भाकऱ्या थापता थापता विचारलंत तरी चालेल.